पेलाभर वायू आणि मावशीचं नाक

३ मार्च

चिमटे,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी भांडण.

काल फोनवर मी नुसतं ‘बरं बरं’ करत होते, कारण फोन बाहेरच्या खोलीत, तुझे काका आतल्या पलंगावर आणि मधलं दार सताड उघडं. त्यातून तू इतकी भरभर बोलतेस की ‘हो’ म्हणून झाल्यावर कळतं, कशाला हो म्हटलं. कागदावर माणूस सापडतो. म्हणून यापुढे या विषयावर जे काय ते पत्रानेच.

गेल्या उन्हाळ्यात काकांचं काय झालं ते तू पाहिलंस. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय, हृदय थकलेलं आहे, पुढचा उकाडा त्यांना सोसायचा नाही, झोपायची खोली गारच ठेवा. आमचा जुना एसी तर शेवटचा आचका देऊन बंद पडला. नवा घ्यायचा हे ठरलेलंच होतं. मध्येच तू उठून म्हणतेस, मावशी, दुकानातला घेऊ नकोस, आमच्या प्रयोगशाळेतला लाव, दहा घरांत लावून बघतोय त्यात तुझं एक घर. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, त्यात जो वायू असतो तो चुलीतल्या गॅसचा सख्खा भाऊ.

अगं, म्हणजे पेटणारा! नवऱ्याला उकाड्यातून वाचवायचं आणि उशाशी गॅस भरलेली पेटी टांगायची? तुझी आई असती तर तिने तुझा कान धरला असता. ती नाही म्हणून तो मान माझा.

काका तसे बरे आहेत, पण आजारपणापासून त्यांना बोलण्याचा नाद लागलाय. पूर्वी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, आता पडल्यापडल्या बातम्या देतो. शेजारणीची भाजी करपली. जिन्यात कोणीतरी फिनेल ओतलं. मी म्हटलं, तुम्हाला रेडिओवर घ्यायला हवं.

तर माझं उत्तर, ‘नाही’. पटवायचं असेल तर सोप्या शब्दांत पटव. मी साबणाच्या कारखान्यात जन्म काढलाय, तुझ्यासारखी शिकलेली नाही, पण फसवलेलं मला कळतं.

आता आशीर्वाद घे.

मावशी


१० मार्च

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार घालायला इथे दोन यंत्रांच्या मध्ये जागा नाही, उभ्याउभ्या करते तो गोड मानून घे.

कान धरायला मी तिथे नाही, हे माझं नशीब. आता सोप्या शब्दांत.

तुझ्या जुन्या एसीतला वायू पेटत नव्हता, खरं आहे. पण तो एकदा बाहेर निसटला की वर्षानुवर्षं हवेत राहून सगळ्या जगाला ऊब देत बसतो. म्हणजे आपली खोली गार करायची आणि पोरांच्या वाट्याला उन्हाळा वाढवून ठेवायचा. आम्ही वापरतो तो वायू तसलं काही करत नाही, विजेलाही हलका आहे. दोष एकच, तो पेटतो. तेव्हा प्रश्न उरला, कमीत कमी किती वायूत काम भागेल. तेवढ्यासाठीच मला पगार मिळतो.

आणि मावशी, मी हे काम चांगलं करते. उगाच नम्रपणा कशाला.

मी आधी शोधलं, की मशीनमध्ये वायू फुकट कुठे बसून राहतो. एक म्हणजे कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळून. म्हणून तेल बदललं आणि जेमतेम लागेल एवढंच ठेवलं. दुसरं म्हणजे बाहेरच्या पेटीतल्या जाड नळ्यांत. त्या काढून काडीएवढ्या बारीक भोकांच्या चपट्या नळ्या बसवल्या. मधला पाइप आखूड केला. प्रत्येक वेळी थोडा वायू काढायचा, मशीन चालवायचं आणि थंडावा घटतो का बघायचं. घटला की कारण शोधायचं, ते दुरुस्त करायचं आणि पुन्हा थोडा काढायचा. तू नाही का घरातल्या सगळ्यांच्या नकळत चहातली साखर कमी करत आणली होतीस? तसंच.

पहिल्यांदा हा वायू द्रव करून ओतला असता तर मोठी बाटली भरली असती. आता एक पेला. तो सगळाच्या सगळा तुझ्या खोलीत सांडला आणि हवेत मिसळला, तरी पेटायला जेवढा लागतो त्याच्या आठव्या हिश्शाइतकाही भरत नाही. जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचू बघतो, म्हणून गडबड झाली की मशीन स्वतःच बंद पडून नुसता पंखा चालू ठेवतं. तुझ्या स्वयंपाकघरात जो सिलिंडर आहे त्यात याच्या शंभरपट गॅस असतो, आणि त्याच्याशेजारी उभी राहून तू रोज काडी ओढतेस.

काकांच्या बातम्या मला हव्या आहेत. त्यांना सांग, रेडिओचं मी बघते.

तुझी चिमटी


१७ मार्च

चिमटे,

साखरेचं तुला कोणी सांगितलं? ते गुपित होतं.

पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. आठवा हिस्सा वगैरे मी मान्य करते, पण माझा भरवसा तुझ्या हिशोबावर नाही, माझ्या नाकावर आहे. तुला आठवतच असेल, कारखान्यात सुगंध विभागात कुठलाही घाणा माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय साच्यात पडत नसे. साहेब लोक प्रयोगशाळेचा कागद हातात घेऊन यायचे आणि मला विचारायचे, बाई, बरोबर आहे ना? एकदा गुलाबाच्या अर्कात कोणीतरी दुसऱ्याच गावचं तेल मिसळलं होतं, मी दारातूनच सांगितलं. अजूनही नवीन साबण काढला की बोलावणं येतं. मी जात नाही. गुडघे.

तेव्हा गॅस गळला तर तुमच्या यंत्राआधी मला कळेल. गॅसचा तो कुजक्या कांद्यासारखा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. या एका गोष्टीवर मी हो म्हणतेय, हे ध्यानात ठेव. उद्या काही झालं तर माझं नाक आहे, म्हणून हो.

मशीन पाठव. माणूस चांगला पाठव, भिंतीला भोकं पाडून पसार होणारा नको. आणि काकांना यातलं पेटणंबिटणं सांगायची गरज नाही. त्यांच्यासाठी तो एसी. झाकली मूठ बरी.

मावशी


२५ मार्च

ती. मावशी,

तू हो म्हणालीस आणि मी इथे पेढा मिळाल्यासारखी नाचले. माणूस येत्या आठवड्यात येईल. फार बोलत नाही, पण पाइप हातात घेतला की त्याचं काम बघत राहावंसं वाटतं. वायू भरताना तो सोनाराचा असावा तसा काटा काढेल. घाबरू नकोस. अंदाजाने, हाताला गार लागेपर्यंत भरायचे दिवस या मशीनला चालत नाहीत, तोलूनच भरावा लागतो.

तुझ्या नाकाचं वाचून हसू आलं, आणि आई आठवली. ती म्हणायची, हिच्यासमोर कोणी खोटं बोललं तर त्याचाही वास येतो हिला.

इथे एक लढाई झाली. आमचे साहेब म्हणाले, उन्हाळा कडक आहे, दहाही घरी थोडा वायू जास्त भरून देऊ, थंडावा भरपूर दिसेल, अहवाल देखणा होईल. मी म्हटलं, मग आपण एवढे दिवस केलं काय? जास्त घालून तर कोणीही गार करेल. ते म्हणाले, जबाबदारी तुझी. मी म्हटलं, हो माझीच, आणि पहिलं घर माझ्या मावशीचं आहे. कमी ते कमीच राहिलं.

मशीन खिडकीच्या बाजूच्या भिंतीला लाव, पलंगाच्या डोक्याशी नको. पत्र लिहीत राहा.

चिमटी


२० एप्रिल

चिमटे,

तुझा माणूस येऊन काम करून गेला. दोन वेळा चहा घेतला आणि ‘बरं’ आणि ‘झालं’ एवढे दोनच शब्द बोलला. भिंत मात्र अशी ठेवली की मी त्याला आमच्या नळाचंही काम सांगितलं, त्याच्यामागे तीन मजले चढून गच्चीतली टाकी दाखवली.

बाहेर सध्या डांबर वितळतंय म्हणे. आमच्या खोलीत काका अंगावर चादर ओढून झोपतात. चेहऱ्यावर तुकतुकी आलीय, पायांची सूज उतरलीय. डॉक्टरीणबाई परवा आल्या त्या तपासून झाल्यावरही उगाच बसून राहिल्या, खुर्ची एसीखाली ओढून. तुला शाबासकी देते. कान तूर्तास सोडला.

पण गार वाटायला लागल्यापासून काकांचं वर्तमानपत्र दिवसाला तीनदा निघतं. जिन्याला नवा रंग लावतायत वाटतं. समोरच्यांचा पाव जळला. तू आज कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बदलल्यास का? परवा मी चहा दिला तर म्हणाले, दूध नासलंय बहुतेक. मी म्हटलं, मी पितेय ना, मला काही होत नाही, तुमचीच जीभ औषधांनी बिघडलीय. आणि काल तर कहर. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, हे पलंगावरून ओरडले, शेगडी बघ गं, विझलीय वाटतं! गेले, तर वाऱ्याने विझली होती खरी. मी बघणारच होते. पण आजारी माणसाने पडल्यापडल्या घर चालवायचं म्हणजे काय? मी दिवसभर कामाला आणि हे मुकादम.

तूच सांग, म्हातारपणी माणूस असा होतो का?

मावशी


२ मे

ती. मावशी,

तुझं पत्र प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. खुर्ची एसीखाली ओढणाऱ्या डॉक्टरीणबाई आमच्या साहेबांना फारच आवडल्या.

काकांचं मात्र मला वेगळं वाटतं. तू त्यांच्यापासून लपवलंस, पण त्यांच्या कानावर ते गेलेलं असणार. आमच्या माणसाच्या पेटीवर ज्वाळेचं चित्र होतं, तेच त्यांनी पाहिलं असेल. त्यांच्या मनात गॅसची भीती बसलीय, म्हणून ते सारखा वास घेतात आणि शेगडीसाठी ओरडतात. बोलणं वाढलंय ते त्या धास्तीनेच. तू त्यांना सगळं नीट सांगून टाक. पेल्याचं उदाहरण दे. हवं तर मी वायू ओळखणारी एक डबी पाठवते, भिंतीला लावायची, गळती झाली की ओरडते. खोलीत लावली की त्यांचं मन शांत होईल.

दहाही घरं छान चाललीत. माझं मशीन चालणार नाही अशी पैज लावून हरलेले लोक सध्या मला टाळायला लिफ्ट सोडून जिन्याने जातात.

चिमटी


१९ मे

चिमटे,

बस खाली, मग वाच. तुझ्या मशीनची गळती झाली, आणि ती पकडली कोणी? तुझ्या मावशीने.

शनिवारी दुपारी काकांचा डोळा लागला होता, मी पेपर घेऊन बसले होते. एकदम आला वास. तोच, कुजका कांदा. फार नाही, अगदी पुसट, दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. मी उठले, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, काकांना बाहेरच्या खोलीत हलवलं आणि तुझ्या मुक्या माणसाला बोलावलं. तो तासाभरात हजर. सांध्यांना फेस लावून बघायला त्याने खुणेनेच साबण मागितला, मी माझा साबण दिला, आमच्याच कारखान्याचा. एका नटाजवळ फेसाला बारीक बुडबुडे आले. त्याने नट घट्ट केला, उरलेला वायू काढला, काट्यावर तोलून नवा भरला आणि ‘झालं’ म्हणाला. संध्याकाळपर्यंत खोली पुन्हा गार. काकांना काही त्रास नाही.

तेव्हा तुझी ती ओरडणारी डबी तुलाच ठेव. आणि तुझ्या अहवालात स्वच्छ लिही, घरातल्या बाईने वासावरून गळती ओळखली. साहेबांना कळू दे नाक कशाला म्हणतात. काकांना भीतीबिती काही नाही, मी विचारलं. नुसते हसले.

मावशी


२२ मे

ती. मावशी,

तुझं पत्र काल मिळालं. आता जे लिहिते ते रागावून वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आमच्या वायूला वास नसतो.

चुलीच्या गॅसला जो कुजक्या कांद्याचा वास येतो तो गॅसचा नाहीच, लोकांना गळती कळावी म्हणून कारखान्यात मुद्दाम मिसळतात. आमच्या मशीनमध्ये तसलं काही मिसळता येत नाही. म्हणून तो असतो कोरा. इथे आम्ही रात्रंदिवस त्याच्याबरोबर असतो, कोणालाही आजवर वास आलेला नाही. तुझं नाक माझ्या दहापट तीक्ष्ण आहे हे मला कबूल, पण जे नाही ते त्याला कसं सापडेल?

हे मी तुला मार्चमध्येच सांगायला हवं होतं. तू नाकाच्या भरवशावर हो म्हणालीस, आणि खरं सांगितलं तर तू नाही म्हणशील, काका उकाड्यात राहतील, म्हणून मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. आईचं वाक्य लिहून विषय बदलला, आठवतं? मनाशी म्हटलं, हे मशीन कोणाच्या नाकावर अवलंबून राहू नये म्हणूनच तर मी त्यातला वायू एवढा कमी केला, मग सांगितलं काय नि न सांगितलं काय. चूक झाली. तुला सांगायला हवं होतं.

आता तुझी पाळी. तुमच्याकडच्या मशीनची नोंद मी काढून बघितली. वायू मुळातच पेलाभर असला की त्यातला घोटभर गेला तरी मशीनला लगेच कळतं. बाटलीभर असता तर अर्धा जाईपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. शनिवारी ते आपणहून बंद पडलं आणि त्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. तो दिवा पाहून तू आमच्या माणसाला बोलावलंस. बरोबर?

मावशी, दिवा बघून बोलावलं असं तू सहज लिहू शकली असतीस. वासाचं का लिहिलंस, याचा मी कालपासून विचार करतेय. नासलेलं दूध. विझलेली शेगडी. आणि ते गुडघे, जे टाकी दाखवायला तीन मजले चढतात.

तुला वास येत नाही ना?

माझ्या मशीनमधला पेलाभर वायू तुझ्या नाकावर विसंबून नाही. तुझ्या स्वयंपाकघरातला सिलिंडर आहे. मला भीती वाटते ती त्याची. बाल्कनीतून यायला तुला जरा उशीर झाला असता तर, हे मनात आलं की हातातलं काम गळून पडतं. मला तू हवी आहेस. आई गेल्यावर भांडायला मला दुसरं कोणी नाही.

चिमटी


३ जून

ती. मावशी,

पत्र नाही. फोन केला तर काका उचलतात आणि म्हणतात, ती कामात आहे.

रागावली असशील तर रागाव, पण निदान तो राग तरी लिहून पाठव. मी पार्सलने ती डबी पाठवलीय. बेडरूमसाठी नाही. कुठे लावायची ते तुला माहीत आहे.

चिमटी


१२ जून

चिमटे,

कामात होते हे खोटं. पत्र घेऊन बसत होते आणि उठत होते. तुझी आई खरं बोलायची, खोट्याचा वास येतो म्हणून. फक्त तो गुण माझ्यातून तुझ्यात गेला, हे मला ठाऊक नव्हतं.

हो. येत नाही.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो ताप आला होता ना, त्यातून उठले आणि सकाळी तोंड धुवायला साबण उचलला. काही नाही. दगड हातात घ्यावा तसं. म्हटलं सर्दी आहे, जाईल. महिना गेला, वर्ष गेलं. कपाटातला अत्तराचा खण उघडून मी एकेक बाटली नाकाला लावली, आणि सगळ्या बाटल्या सारख्या. चिमटे, मी त्या खणासमोर बसून रडले, लहान मुलीसारखी. ज्या नाकाने सबंध कारखान्यात मान मिळवून दिला तेच गेलं, आणि सांगायचं कोणाला? बोलावणं आलं की गुडघे पुढे करायचे. गुडघे ठणठणीत आहेत, टाकीचं तू बरोबर ओळखलंस.

तू मशीनचं विचारलंस तेव्हा मी नाकाची बढाई मारली, कारण ती मारली नसती तर तुला संशय आला असता. आणि गळती झाली तेव्हा वाटलं, आता ही संधी आहे. गॅस होता, गळला होता, वास आला म्हणायला कोण अडवतंय? मला काय माहीत की जगात बिनवासाचाही गॅस असतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू ताकाला जाऊन भांडं लपवलंस, मी रिकामं भांडं घेऊन ताक वाटत होते. दोघी एकाच माळेचे मणी. तुझं तुला माफ, माझं मला कर.

तुझं पार्सल आलं त्या दिवशीचं सांगते. डबी टेबलावर ठेवली. काकांनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, एसीसाठी पाठवलीय पोरीने, वायू ओळखते, तुमच्या डोक्याशी लावायची आहे. त्यांनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, “ही स्वयंपाकघरात लाव.”

मग विचारलं, कधीपासून माहीत आहे तुम्हाला?

म्हणाले, “नासलेल्या दुधाचा चहा पिऊन छान झालाय म्हणालीस, तेव्हापासून. परवाचा नाही. गेल्या उन्हाळ्यातला.”

आधी राग आला. म्हटलं, मग इतक्या दिवसांत बोलला का नाहीत?

म्हणाले, “रोज बोलतोय की.”

चिमटे, मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. फिनेल. करपलेली भाजी. जिन्यातला रंग, समोरच्यांचा पाव, कपाटातल्या गोळ्या. मी त्याला वर्तमानपत्र म्हणत होते, मुकादम म्हणत होते, आणि तू म्हणत होतीस भीती. हा माणूस, ज्याला तीन पावलं टाकली की धाप लागते, तो वर्षभर माझ्या वाटणीचा वास घेत पडून होता, आणि माझी मूठ झाकलेली राहावी म्हणून साधं ‘तुला येत नाही ना’ एवढंही बोलला नाही. मी रडले. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, तुझं नाक लाल झालंय. हे तेवढं मला आरशात दिसत होतं.

डबी स्वयंपाकघरात लावली, तुझ्या मुक्या माणसाने. खाली जमिनीजवळ लावली, गॅस जड असतो म्हणून. या कामाला त्याने तिसरा शब्द वापरला, ‘चांगलं’. एसी चालू आहे. तुझ्या अहवालात लिही, दिवा बघून बोलावलं. तेच खरं आहे आणि तेच तुझ्या कामाचं आहे. नाकाची गरज पडू नये इतका कमी वायू तू घातलास, यापेक्षा मोठी शाबासकी मला देता येत नाही. साहेबांनी पुन्हा थोडा वाढव म्हटलं तर त्यांना माझ्याकडे पाठव.

सोमवारी कारखान्यात जाऊन सांगणार आहे, नवीन साबणासाठी दुसरी बाई बघा. वास कसा घ्यायचा ते मी तिला शिकवेन, त्याला नाक लागत नाही, आठवण लागते, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे.

पावसाआधी ये. भांडायला.

हे आतून विचारतायत, शाईचा वास येतोय, कोणाला लिहितेयस? मी म्हटलं, चिमटीला. आणि म्हटलं, नुसतं येतोय म्हणू नका, कसा येतोय ते नीट सांगा. आता डोळे मिटून विचार करतायत. थांबते, ऐकते काय म्हणतात ते.

तुझी मावशी